ऑक्सिजन किती द्यायचा आणि किती वेळ पुरेल?

(रेडिओवरील भाषण)

आजचं बोलणं सुरू करण्याआधी एक विनंती. घरात पाचवी-सहावीत जाणारं लेकरू असेल, तर त्याला वही-पेन घेऊन जवळ बसवा. आज थोडा हिशेब आहे. गुणाकार आणि भागाकार, एवढाच. बचत गटाचं व्याज काढणाऱ्या बायकांना तो जड जाणार नाही.

विषय आहे ऑक्सिजनचा. करोनाच्या साथीत हा शब्द घराघरांत पोहोचला. साथ ओसरली, पण दम्याची, छातीची, हृदयाची दुखणी गावात आहेतच. कितीतरी घरांत आज खाटेशेजारी सिलिंडर किंवा मशीन असतं. ते चालवायची जबाबदारी कुणावर असते? घरातल्या बाईवर. म्हणून आज आपण बोलू.

समजा, घरात सासूबाई आहेत. वय पासष्टच्या पुढे. उभा जन्म चुलीपुढे गेला. विडी कधी ओढली नाही, तरी न्हाणीपर्यंत चाललं की धाप लागते. थंडीत दुखणं वाढलं, दवाखान्यात आठ दिवस काढले. घरी पाठवताना डॉक्टरांनी ऑक्सिजन लिहून दिला, दोन लिटर. पहिल्याच रात्री सासूबाईंची धाप वाढली. सुनेला बघवेना. तिनं चावी फिरवून दोनाचे पाच लिटर केले. सासूबाई शांत झोपल्या. सकाळी मात्र हाका मारल्या, हलवलं, तरी नीट डोळे उघडेनात.

सुनेनं केलं ते मायेपोटीच. पण असं घडू शकतं, आणि त्याचं कारण आपल्याला माहीत हवं. ऑक्सिजन म्हणजे नुसता वारा नाही, ते औषध आहे. औषधाला मात्रा असते. कमी पडलं तरी नुकसान, जास्त झालं तरी नुकसान.

जास्त झाला तर काय होतं?

आपण श्वास घेतो तेव्हा ऑक्सिजन आत जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्या फुप्फुसांच्या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. पूर्वी समज असा होता, की हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 साली एका सहकारी डॉक्टरांबरोबर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून दाखवलं, की धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणात होतो, आणि त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण आहे. म्हणजे हा आजार आपलाही आहे.

या आजारात काही रुग्णांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलेला असतो. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला, तर तो आणखी साठतो. मग डोकं दुखतं, झापड येते, माणूस बरळतं, शेवटी शुद्ध हरपते. वरून बघणाऱ्याला वाटतं, आराम पडला, झोप लागली.

ऑस्ट्रेलियात टास्मानिया नावाचं बेट आहे. तिथं दमछाक झालेल्या 405 रुग्णांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. काहींना रुग्णवाहिकेत भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना मोजून-मापून. भरपूर दिलेल्यांत शंभरातले नऊ दगावले, मोजून दिलेल्यांत चार. फरक औषधाचा नव्हता, मात्रेचा होता.

तीन आकडे विचारून घ्या

डॉक्टर ऑक्सिजन लिहून देतात तेव्हा तीन आकडे विचारायचे. पहिला, बोटावरच्या यंत्रात किती आकडा राहायला हवा. दुसरा, मिनिटाला किती लिटर. तिसरा, दिवसातून किती तास.

पहिला आकडा बघू. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावतात, ते ऑक्सिमीटर. त्यात दोन आकडे दिसतात. एक नाडीचा, दुसरा रक्तातल्या ऑक्सिजनचा. निरोगी माणसाचा ऑक्सिजनचा आकडा साधारण 95 ते 100 असतो. न्यूमोनियासारख्या आजारात मोठ्या माणसाला ऑक्सिजन दिला, तर बहुतेक वेळा 94 ते 98 राहील असं बघतात. पण सीओपीडीच्या रुग्णात, विशेषतः कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर, 88 ते 92 एवढंच लक्ष्य ठेवतात. शेजारच्या काकांचा आकडा 97 आहे आणि आपल्या सासूबाईंचा 90, म्हणून घाबरून धार वाढवायची नाही. त्यांच्यासाठी 90 हाच बरोबर आकडा असू शकतो.

ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं. गार पडलं असेल तर हात चोळा. नखाला नेलपॉलिश नको, काळी मेंदीही नको. पाच मिनिटं शांत बसवून मग लावा, हात हलू देऊ नका, आणि आकडा स्थिर झाला की वाचा. अजून एक गोष्ट. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतं. म्हणून आकडा चांगला दिसतोय पण माणूस वाईट दिसतंय, असं असेल तर माणसाकडे बघा.

दुसरा आकडा लिटरचा. साध्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. नाकातल्या नळीनं मिनिटाला एक लिटर दिला, की श्वासातला ऑक्सिजन सुमारे 24 टक्के होतो. पुढं प्रत्येक लिटरला साधारण चार टक्क्यांची भर पडते. दोनाला 28, तीनाला 32, चाराला 36. सहा लिटरच्या वर नळीचा उपयोग नाही, नाक मात्र कोरडं पडून रक्त येतं. हे आकडे अंदाजाचे आहेत, कारण माणूस किती भराभर श्वास घेतंय त्यावर ते कमीजास्त होतात. पण यावरून कळेल, की दोनाचे पाच लिटर करणं म्हणजे 28 चे 40 टक्के करणं. ही लहान उडी नाही.

तिसरा आकडा तासांचा. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कायमच फार कमी असतो, त्यांना रोज किमान 15 तास द्यावा लागतो. रात्रीची झोप त्यातच धरायची. 1980 आणि 1981 साली अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दोन अभ्यासांत दिसलं, की अशा सीओपीडी रुग्णांचं आयुष्य घरच्या ऑक्सिजननं वाढतं. पण तास पाळले तर. “धाप लागली की पाच मिनिटं लावायचा” असं करून तो फायदा मिळत नाही.

प्रत्येक धापेला ऑक्सिजन नको

इथं पैशाचाही प्रश्न आहे. धाप लागते म्हणून कर्ज काढून मशीन घेतात, आणि बोटावरचा आकडा तर 93 असतो. धाप लागणं आणि ऑक्सिजन कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2016 साली अमेरिकेत 738 सीओपीडी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा ऑक्सिजन थोडासाच कमी होता. घरच्या ऑक्सिजननं त्यांचं आयुष्य वाढलं नाही, दवाखान्याच्या फेऱ्याही कमी झाल्या नाहीत.

म्हणून कायमचा ऑक्सिजन सुरू करण्याआधी डॉक्टर मनगटाच्या धमनीतलं रक्त तपासतात, आणि ते दुखणं निवळल्यावर, काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा बघतात. बसल्या जागी आकडा 88 किंवा त्याखाली राहत असेल तर सहसा गरज असते. दवाखान्यातून येताना लिहून दिलेला ऑक्सिजन दोन-तीन महिन्यांनी लागेलच असं नाही. “अजून लागतोय का, तपासून सांगा,” असं डॉक्टरांना जरूर म्हणा.

आकडा ठीक असून धाप लागत असेल, तर पुढं वाकून हात मांडीवर टेकवून बसवा. नाकानं श्वास घेऊन, फुंकणीत फुंकतो तसे ओठ करून सावकाश सोडायला सांगा. चेहऱ्यावर पंख्याचा वारा द्या. यानं खरोखर आराम पडतो. दम्याचा पंप नीट घेतला जातो का, हेही आशाताईंना दाखवून तपासून घ्या.

नळी की मास्क?

नाकातली नळी एक ते सहा लिटरपर्यंत चालते. ती लावून जेवता येतं, बोलता येतं. घरासाठी बहुतेकांना हीच बरी.

साधा मास्क पाच लिटरच्या खाली कधीच वापरायचा नाही. धार मंद असली, की आपणच सोडलेली हवा मास्कमध्ये साठते आणि पुन्हा आत जाते. घरी दोन लिटर सांगितलाय आणि हाताशी मास्क आहे म्हणून तो लावला, असं करू नका.

पिशवीचा मास्क फार आजारी माणसासाठी, दवाखान्यात किंवा रुग्णवाहिकेत, 10 ते 15 लिटरवर लावतात. त्याची पिशवी फुगलेलीच राहायला हवी. आणि रंगीत तोटीचा एक मास्क असतो, व्हेंचुरी. प्रत्येक रंगाची टक्केवारी ठरलेली असते, जसं निळ्याला 24 टक्के, पांढऱ्याला 28. किती लिटर सोडायचा हे तोटीवरच छापलेलं असतं. मोजून द्यायला तो चांगला.

मशीन की सिलिंडर?

आता वही उघडा. मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, घरातलीच हवा ओढतं, तिच्यातला नायट्रोजन गाळतं आणि 90 टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन देतं. ते कधी संपत नाही, पण त्याला वीज लागते. सिलिंडरला वीज लागत नाही, पण तो संपतो. मग काय घ्यावं? हिशेब करू.

दोन लिटर, रोज 15 तास. तासाचे 60 मिनिट. दोन गुणिले 60 म्हणजे तासाला 120 लिटर. 120 गुणिले 15 म्हणजे दिवसाला 1800 लिटर. आपल्याकडं घरी आणतात तो ‘बी’ सिलिंडर पूर्ण भरला तर सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन देतो. म्हणजे एक दिवसही पुरत नाही. दवाखान्यातला उंच ‘डी’ सिलिंडर सुमारे 7000 लिटरचा. तो चार दिवसही पुरणार नाही. भरून आणायला टेम्पो कोण रोज पाठवणार? कायमच्या रुग्णाला मशीनच परवडतं.

विजेचाही हिशेब करा. पाच लिटरचं मशीन साधारण 350 वॅट घेतं. 15 तासांचे सव्वापाच युनिट, महिन्याचे सुमारे 157. आपल्या बिलावरच्या दरानं गुणा, खर्च कळेल.

आणि वीज गेली तर? चार तास वीज नाही असं धरू. 120 गुणिले चार म्हणजे 480 लिटर. एक भरलेला बी सिलिंडर अशा तीन वेळा पुरेल. म्हणून मशीन असलं तरी भरलेला एक सिलिंडर कोपऱ्यात हवाच.

मशीन घेताना दोन गोष्टी बघा. पाच लिटरच्या मशीनवर पाचाच्या वर जाऊ नये, ऑक्सिजन पातळ होतो. दुसरं, खांद्याला अडकवायची छोटी मशीन श्वास घेतला की फुंकर सोडतात. त्यांच्यावरचा ‘3’ किंवा ‘5’ हा नुसता क्रमांक असतो, लिटर नव्हे. असलं मशीन घ्यायच्या आधी डॉक्टरांच्या समोर लावून, चालवून, आकडा बघा.

रस्त्यात संपू नये म्हणून

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. समजा, म्हसवडहून साताऱ्याला रुग्ण न्यायचा आहे. रस्ता, गर्दी, दवाखान्याच्या दारातला वेळ धरून तीन तास. रुग्णाला चार लिटर चालू आहे. गाडीत बी सिलिंडर आहे. कुणी म्हणतं, “अर्धा भरलाय, पोचतंय.” अशा बोलण्यावर गाडीत बसू नका. काटा बघा.

सिलिंडरच्या तोंडाशी घड्याळासारखा दाबाचा काटा असतो. सिलिंडरचं पाण्याचं माप गुणिले काट्यावरचा किलोचा आकडा, म्हणजे आत उरलेले लिटर. बी सिलिंडरचं माप 10 लिटर असतं. लहान-मोठा असेल तर माप त्याच्या मानेवर कोरलेलं असतं. भरलेला असताना काटा 150 च्या आसपास असतो, म्हणून 10 गुणिले 150, झाले 1500. काट्यावर हजारांतले आकडेही असतील, तर ते वेगळं माप आहे. ते वाचायचं नाही. फक्त तेच असेल, तर 14 नं भागा, किलो मिळतील.

आपल्या गाडीतला काटा 80 वर आहे. 10 गुणिले 80, म्हणजे 800 लिटर. भागिले चार लिटर, म्हणजे 200 मिनिटं. तीन तास वीस मिनिटं. रस्ता तीन तासांचा. वाटतं पुरेल. पण एक टायर पंक्चर झालं, की संपलं. म्हणून नियम असा, की लागणाऱ्या ऑक्सिजनच्या दीडपट घेऊन निघायचं. चार गुणिले 180 मिनिटं म्हणजे 720. त्याचा अर्धा 360. मिळून 1080 लिटर हवा. आपल्याकडं 800 च आहे. भरलेला सिलिंडर मागून घ्या, मगच निघा.

रुग्ण पिशवीच्या मास्कवर 10 लिटर घेत असेल, तर हाच सिलिंडर 80 मिनिटांत रिकामा होईल. त्याला तीन तासांसाठी 1800, आणि दीडपट म्हणजे 2700 लिटर लागेल. पूर्ण भरलेले दोन बी सिलिंडर. 108 ची गाडी आली तरी विचारायला लाजू नका, “दादा, काटा कितीवर आहे? पोचेपर्यंत पुरेल ना?” हा प्रश्न विचारला म्हणून कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी चालेल.

आगीपासून जपा

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो. चादरीत, नऊवारीत, केसांत तो मुरून राहतो. म्हणून चूल, गॅस, कंदील, देवघरातली समई, उदबत्ती, यांपासून किमान दहा फूट लांब. त्या खोलीत विडी ओढू द्यायची नाही, पाहुणा असो की कारभारी. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन, तेल, बाम लावायचा नाही. पाण्यात विरघळणारं मलम डॉक्टरांकडून घ्या. सिलिंडरच्या चावीला तेल-ग्रीस कधी लावू नका. सिलिंडर उभा, साखळीनं किंवा दोरानं बांधलेला हवा. चावी सावकाश उघडायची. लिटर वाचताना गोळी डोळ्यांच्या पातळीवर ठेवून तिचा मध्य बघायचा.

पाण्याची बाटली जोडायला सांगितली असेल, तर उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी घाला आणि रोज बदला. मशीनची जाळी आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवा.

भिंतीवरचा कागद

शेवटी एक काम. लेकराच्या वहीतला एक कागद फाडा आणि खाटेजवळ भिंतीला चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: आकडा किती ते किती राहायला हवा. लिटर किती. तास किती. नळी की मास्क. सिलिंडरच्या काट्यावर आज किती. डॉक्टरांचा आणि गाडीचा नंबर. घरात रात्री कुणीही जागं असलं, तरी त्याला विचारत बसावं लागणार नाही.

त्याच कागदावर खाली लिहा, ताबडतोब दवाखाना केव्हा: ओठ-नखं निळी पडली, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, सांगितलेला ऑक्सिजन चालू असूनही आकडा ठरवलेल्या लक्ष्याच्या खाली जातोय, जास्त झापड येतेय, बरळतंय, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतंय. आधी नळी निघाली किंवा पिळवटली नाही ना, मशीन चालू आहे ना, हे बघा. मग 108 लावा आणि डॉक्टरांना फोन करा. गाडी येईपर्यंत ते सांगतील तेवढंच करा. ऑक्सिजन एकदम बंद करू नका, आणि आपल्या मनानं वाढवूही नका.

ती सून आठवते ना? तिला कुणी तीन आकडे सांगितले असते, तर त्या रात्री तिनं चावीला हात लावण्याआधी बोटाला ऑक्सिमीटर लावला असता. आकडा 90 दिसला असता, तर तिनं सासूबाईंना पुढं वाकवून बसवलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता, पंखा लावला असता. आणि आकडा 84 दिसला असता, तर अंदाज न करता फोन लावला असता.

प्रत्येक घरानं ऑक्सिमीटर घ्यायलाच हवा असं नाही. गटात मिळून एक घ्या, वापरायला दोघीतिघी शिका. पुढच्या बैठकीत हा काट्याचा हिशेब एकमेकींना सांगून बघा. ज्या बाईनं आयुष्यभर चुलीचा धूर खाऊन घर जेवू घातलं, तिच्या श्वासासाठी एवढा गुणाकार आपण नक्की करू.